पोराच्या डोक्यातली लाइन

‘सॉफ्टवेअर वगैरे परदेशात ठीक आहे, आपल्याकडे नाही चालत.’ घरोघरी दूध, पेपर, पाण्याचे जार, औषधं किंवा किराणा पोचवण्याचा धंदा करणाऱ्या चार माणसांत बसा, तासाभरात हे वाक्य कानावर पडतंच. पाठोपाठ कारणं येतात आणि तीही ठरलेली असतात. आमच्या पोरांना लाइन तोंडपाठ आहे. मुंबईचे डबेवाले कुठे सॉफ्टवेअर वापरतात? आपल्याकडचे पत्ते कॉम्प्युटरला काय कळणार? हा मोठ्या कंपन्यांचा खेळ. आपल्या दोन स्कूटर आणि एका छोट्या हत्तीला त्याची काय गरज? आणि सगळ्यात शेवटी माणुसकीचा मुद्दा निघतो: मार्ग यंत्रानं ठरवायचा म्हटल्यावर माणसाची किंमत ती काय राहिली?

ही पाचही वाक्यं मला खटकतात, आणि मी काही यंत्रांचा भक्त नाही. मला राग येतो तो अशासाठी, की या प्रत्येक वाक्याचं बिल शेवटी पहाटे लाइन टाकणाऱ्या पोराच्या नावावर फाटतं. बोलणारा मालक असतो, ऐकणारा दुसरा मालक असतो, आणि ज्याच्या पायांनी आणि पेट्रोलनं हा सगळा अभिमान चालतो तो त्या बैठकीत नसतो. म्हणून हा प्रतिवाद.

आधी हे मार्ग आखणारं सॉफ्टवेअर नेमकं काय करतं ते सांगतो, कारण नाकं मुरडणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ते उघडूनही पाहिलेलं नसतं. आज कोणकोणत्या घरी जायचंय, कुणाला काय द्यायचंय, प्रत्येक ठिकाणी किती वेळ मोडतो, कुणाला किती वाजायच्या आत हवंय, गाड्या किती आहेत आणि एका गाडीत किती क्रेट मावतात, एवढं त्याला सांगायचं. ते घरं गाड्यांमध्ये वाटतं आणि प्रत्येक गाडीला क्रम लावून देतं. उद्या यादी बदलली की क्रम नव्यानं लावतं. काम एवढंच. यात न चालण्यासारखं काय आहे, ते आता एकेक करून पाहू.

पहिला मुद्दा ‘लाइन तोंडपाठ आहे’ हा. ती असते, यात शंका नाही. पहाटे पॉइंटवर टेम्पोतून क्रेट उतरले की दुधाची लाइन टाकणारा पोरगा कागद न बघता शे-दीडशे घरं करतो. कुणाकडे गाईचं, कुणाकडे म्हशीचं, कुणाच्या कडीला पिशवी अडकवायची, कुणाच्या खिडकीत ठेवायची, सगळं त्याला माहीत असतं. त्याच्या स्मरणशक्तीबद्दल वादच नाही. पण जो क्रम त्याला पाठ आहे तो चांगला आहे का, हे कधी कुणी विचारलंय?

तो क्रम कुणी बसून आखलेला नसतो. धंदा सुरू झाला तेव्हा एका गल्लीत वीस घरं होती. मग पुलापलीकडची सोसायटी लागली, ती शेवटी जोडली. पहिल्या गल्लीत आणखी चार घरं आली, पण क्रेटमधला माल तोवर मोजून लावलेला असायचा, म्हणून ती परतीच्या वाटेवर घेतली. एक पोरगा काम सोडून गेला, त्याची अर्धी लाइन याच्या गळ्यात पडली. अशी दहा वर्षांत जी लाइन तयार होते, ती म्हणजे गिऱ्हाइकं कोणत्या क्रमानं लागली त्याची नोंद असते, रस्त्याशी तिचा फारसा संबंध उरलेला नसतो. आणि तो जुना इतिहास पोरगा रोज पहाटे पेट्रोल जाळून गिरवत असतो.

गणित साधं आहे. दहा घरं कोणत्या क्रमानं करायची याचे ३६ लाख २८ हजार ८०० पर्याय होतात. वीस घरांच्या पर्यायांची संख्या १९ अंकी आहे. त्यातले बहुतेक पर्याय उघडच चुकीचे असतात आणि अनुभवी माणूस ते मनातही आणत नाही. घरं थोडी असली आणि रोज तीच असली, तर त्यानं नजरेनं लावलेला क्रम चांगलाच असतो. एवढं मी मान्य करतो, याहून जास्त नाही. कारण रतीबाच्या धंद्यात रोज तीच घरं असतात असं म्हणणाऱ्यानं खाडा नावाची गोष्ट पाहिलेली नाही.

पहाटे कुठल्याही पॉइंटवर उभे राहून क्रेटमध्ये डोकावा. पिशव्यांवर पुठ्ठ्याचा एक तुकडा असतो, बिस्किटाच्या खोक्याचा फाडलेला. त्यावर बॉलपेननं लिहिलेलं असतं: ‘२०४ खाडा सोमवारपर्यंत. काकू १ जादा. बी विंग ३ रा मजला ताक. नवीन, टपरीच्या मागे, ५०० मिली.’ पिशव्यांचं पाणी लागून निम्मी शाई पसरलेली असते. पोरगा मोबाइलच्या उजेडात तो पुठ्ठा दोनदा वाचतो, खिशात घालतो आणि निघतो. म्हणजे यादी रोज बदलते हे सगळ्यांना माहीत आहे, ती लिहायची गरजही पटलेली आहे. क्रम मात्र कालचाच राहतो. एका बाजूच्या चार घरांचा खाडा असला तरी फेरी त्याच वळणावरून जाते, आणि टपरीमागचं नवीन घर जाता जाता होण्यासारखं असलं तरी ते शेवटी, वेगळी चक्कर मारूनच होतं. मे महिन्यात सोसायट्याच्या सोसायट्या गावी गेलेल्या असतात, तेव्हाही दोन पोरांच्या लाइनी तशाच राहतात. एकाची अर्धी रिकामी, दुसऱ्याची भरलेली.

आता हिशेब करा. आखीव क्रमानं एका पोराचे रोज पाच किलोमीटर आणि अर्धा तास वाचतो असं धरून चाला. दुधाला रविवार नसतो, तेव्हा वर्षाचे ३६० दिवस धरू. किलोमीटर झाले १,८००. लिटरला ४५ चा अॅव्हरेज देणारी गाडी असली तर ४० लिटर पेट्रोल. तास झाले १८०, म्हणजे आठ तासांचे साडेबावीस दिवस. अनेक ठिकाणी पोराला पैसे घरामागे किंवा पिशवीमागे मिळतात, पेट्रोल त्याचं त्यानं घालायचं असतं. किलोमीटरचे पैसे त्याला कुणी देत नाही. वाकड्या लाइनचे ते साडेबावीस दिवस तो फुकट राबतो. ‘लाइन तोंडपाठ आहे’ असं अभिमानानं सांगणाऱ्या मालकानं हे दिवस कधी कुठल्या वहीत लिहिलेत का?

अजून एक गोष्ट आहे आणि ती मला सगळ्यात जास्त बोचते. ज्याच्या डोक्यात लाइन असते त्याला सुट्टी नसते. ताप असला तरी तो येतो. बहिणीचं लग्न लावून रात्रीच्या एसटीनं परत येतो, कारण सकाळी दूध आहे. गणपतीला गावी गेलाच, तर त्या आठवड्यात मालक स्वतः स्कूटर काढतो आणि एका हातानं फोन कानाला लावून त्यालाच विचारत राहतो की बाबा रे, अमक्यांचं दार कितव्या मजल्यावर? नवीन पोरगा ठेवायचा तर आठवडा-दोन आठवडे जुन्याच्या मागे बसून त्यानं सगळं पाठ करायचं. एवढं सगळं एका माणसाच्या डोक्यावर टांगून ठेवायचं आणि त्याला कौशल्य म्हणून मिरवायचं, यात त्या माणसाचा सन्मान कुठे आहे? हा त्याच्या पायातला खोडा आहे. तीच लाइन लिहिलेली असती, क्रम लावलेली असती, तर दुसरा कुणीही ती त्या दिवशी टाकू शकला असता आणि हा निवांत घरी झोपला असता.

दुसरा मुद्दा डबेवाल्यांचा. त्यांचं नाव निघालं की समोरच्यानं गप्प बसावं अशी अपेक्षा असते. मी गप्प बसणार नाही, कारण या वादात डबेवाले माझ्या बाजूनं साक्ष देतात. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेलं हे काम मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागांतल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवलं. १९५६ मध्ये त्यांचा न्यास झाला. २०१० मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलनं त्यांच्या पद्धतीवर अभ्यास लिहिला. त्या अभ्यासाचं नाव घेणारे पुष्कळ भेटतात. डब्याचं झाकण नीट पाहिलेले फार थोडे.

त्या झाकणावर रंगानं काढलेली खूण असते. डबा कोणत्या भागातून निघाला, कोणत्या स्टेशनवर उतरवायचा, तिथून कुणी न्यायचा, कोणती इमारत, कितवा मजला, हे चार-सहा अक्षरं-आकड्यांत तिथे लिहिलेलं असतं. डबा वाटेत अनेक हातांतून जातो आणि प्रत्येक हाताला फक्त आपल्यापुरती खूण वाचायची असते. स्टेशनबाहेर फुटपाथवर डबे मांडून त्यांची विभागणी होते. फेरी लोकलच्या वेळापत्रकाला बांधलेली असते. गटाला मुकादम असतो आणि कुणी आजारी पडलं तर उभं राहायला जादा माणूस असतो. हे मार्ग आखणं नाही तर काय आहे? पत्ता माणसाच्या डोक्यातून काढून झाकणावर आणला म्हणून ही व्यवस्था उभी राहिली. डबेवाल्यांच्या हातात कॉम्प्युटर नव्हता हे खरं; त्यांनी लाइन डोक्यात ठेवली हे साफ खोटं आहे.

शिवाय त्यांचं गिऱ्हाईक महिनोन्‌महिने तेच, इमारत तीच, वेळ तीच, आणि सगळ्यात लांबचा टप्पा रेल्वेनं. रोज नवा क्रम लावण्याची त्यांना गरजच पडत नाही. तुमच्या टेम्पोला रात्री अकरापर्यंत फोनवर ऑर्डरी येतात, सकाळी सहाला माल निघतो, आणि रस्ता लोकलसारखा मोकळा मिळत नाही. डबेवाल्यांचं नाव घ्यायचं असेल तर आधी त्यांच्यासारखी खूण लिहायला लागा. एकही घर कागदावर नसताना त्यांचा दाखला देणं हा त्यांच्या शिस्तीवर अन्याय आहे.

तिसरा मुद्दा पत्त्यांचा. आपल्याकडचा पत्ता म्हणजे ‘दत्तमंदिराच्या मागे, पिठाच्या गिरणीशेजारी’. पुण्याच्या पेठेत घर क्रमांकावरून घर सापडेलच याची खात्री नाही. नवीन वस्त्यांत तर रस्त्यालाही नाव नसतं. हे सगळं खरं आहे. पण त्यावरून जो निष्कर्ष काढला जातो तो आळसाचा आहे.

या देशातल्या पत्त्यांचा गोंधळ कुणी निस्तरायला घेतला होता, आठवतं? १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला आणि तो आखला श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसानं. संस्कृतचे कवी आणि टपाल खात्यातले अधिकारी. एकाच नावाची अनेक गावं, वेगवेगळ्या लिप्या, अर्धेमुर्धे पत्ते, हे सगळं त्यांच्याही समोर होतं. ‘आपल्याकडे नाही चालत’ म्हणून त्यांनी हात झटकले असते तर? त्यांनी देश विभागांत मांडला आणि सहा आकड्यांत टपाल कार्यालयापर्यंत वाट दाखवली. मे २०२५ मध्ये टपाल खात्यानं पुढचं पाऊल टाकलं. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्या मदतीनं केलेल्या डिजिपिनमध्ये सगळा देश सुमारे ४ मीटर बाय ४ मीटरच्या चौकोनांत मांडलेला आहे आणि प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरांचा आपला संकेत आहे. दत्तमंदिरामागच्या दारालाही तो आहे.

मार्ग आखणाऱ्या सॉफ्टवेअरला तुमचा लिहिलेला पत्ता लागतच नाही. त्याला नकाशावर एक ठिपका लागतो. तो कसा मिळवायचा? एका सकाळी लाइन टाकणाऱ्या पोराबरोबर जा. प्रत्येक दारात उभं राहून फोनवर ठिकाण नोंदवा, आणि तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत खाली लिहा: ‘मागचं गेट, पुढचं सहाच्या आधी उघडत नाही.’ ‘लिफ्ट नाही, तिसरा मजला, ४ मिनिटं.’ ‘शाळेची बस आहे, पावणेसातच्या आत.’ ‘कुत्रं मोकळं, बेल वाजवून थांबणे.’ घरामागे मिनिटभराचं काम, आणि ते एकदाच करायचं. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्याची ती चार मिनिटं लिहिलीत, की वाटणी करताना ती धरली जातात. पाण्याच्या जारच्या धंद्यात तर याला फारच महत्त्व आहे. जार २० लिटरचा, म्हणजे नुसतं पाणीच २० किलो. एका पोराला लिफ्टच्या टॉवरमधले चाळीस जार आणि दुसऱ्याला जुन्या चाळी-वाड्यांतले चाळीस जार, आणि मालकाच्या वहीत दोघांचं काम सारखं! जिना कागदावर आल्याशिवाय त्या दुसऱ्या पोराला न्याय कसा मिळणार?

पत्त्यांच्या जोडीला रस्त्यांची तक्रार असते: खोदकामं, मांडव, एकेरी वाहतूक. याच कारणासाठी तर क्रम आखायला हवा. पुण्यात फर्ग्युसन रस्ता डेक्कनकडून शिवाजीनगरकडे एकेरी आहे आणि जंगली महाराज रस्ता शिवाजीनगरकडून डेक्कनकडे. दोन्ही रस्त्यांवर माल टाकायचा असेल आणि एक दुकान क्रमात मागे-पुढे झालं, तर पूर्ण वळसा पडतो. पोरगा तो वळसा घेत नाही हे तुम्हालाही माहीत आहे. तो नो एंट्रीतून गाडी घालतो. त्याला आपण ‘पोरगा हुशार आहे, शॉर्टकट माहीत आहेत’ म्हणतो. समोरून पीएमपीची बस आली तर? दंडाची पावती त्याच्या नावावर, मोडलेला पाय त्याचा. वाकड्या लाइनची भरपाई पोरगा अशी जीव धोक्यात घालून करतो, आणि आपण तिला अनुभव म्हणतो. गणपतीच्या दहा दिवसांत मांडवानं बंद झालेला रस्ता सॉफ्टवेअरला आपणहून कळणार नाही, बरोबर. पण एकदा सांगितला की दहाही दिवसांचे क्रम तो टाळून लागतात. डोक्यातल्या लाइनला ती सोय नाही.

चौथा मुद्दा: हा मोठ्या कंपन्यांचा खेळ आहे. मार्ग आखण्याच्या प्रश्नाचा उगम मोठ्या धंद्यात झाला, हे खरं. १९५९ मध्ये डॅन्झिग आणि रॅम्सर यांनी पेट्रोलच्या टँकरांनी डेपोतून पंपांकडे कसं जावं याचा विचार करताना तो पहिल्यांदा गणित म्हणून मांडला. १९६४ मध्ये क्लार्क आणि राइट यांनी त्यासाठी एक पद्धत दिली, तिचा गाभा शाळकरी बेरीज-वजाबाकीचा आहे. दोन घरांसाठी दोन वेगळ्या फेऱ्या न मारता एकाच फेरीत दोन्ही केली तर किती अंतर वाचतं ते काढायचं, आणि जिथे जास्त वाचतं ती जोडी आधी जुळवायची.

पण हा मोठ्यांचा खेळ म्हणणाऱ्या मंडळींना मला अमेरिकेतल्या अटलांटाची गोष्ट सांगायची आहे. तिथे घराबाहेर पडू न शकणाऱ्या वृद्धांना दुपारचं जेवण पोचवणारी एक सेवा होती. घरं शे-दोनशे, चालक चार, पैसे नाहीत, कॉम्प्युटर नाही. यादी सतत बदलायची, कारण कुणी रुग्णालयात जायचं, कुणी बरं व्हायचं, कुणी जग सोडून जायचं. जॉर्जिया टेकमधल्या जॉन बार्थोल्डी आणि लोरेन प्लॅट्झमन यांनी सहकाऱ्यांसह त्यांना एक पद्धत बसवून दिली आणि १९८३ मध्ये ती प्रसिद्ध केली. शहराच्या नकाशावर चौकटी आखल्या, तक्त्यातून प्रत्येक घराला एक आकडा काढला. आकडा असा, की जवळच्या घरांचे आकडे सहसा जवळ यावेत. प्रत्येक घराचं एक कार्ड, कार्डं आकड्याच्या क्रमानं लावलेली. नवं घर आलं की कार्ड घाला, बंद झालं की काढा. गठ्ठ्याचे चार सारखे भाग केले की चार चालकांच्या चार लाइनी तयार. मार्ग आधीपेक्षा आखूडही झाले. खाड्याचा प्रश्न त्यांनी कार्डांच्या पेटीनं सोडवला!

चाळीस वर्षांपूर्वी कार्डांनी झालं ते आज तुमच्या खिशातल्या फोनला जड जाणार आहे का? ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा २००४ पासून लोकांनी मिळून केलेला आहे आणि फुकट आहे. क्रम लावणारे ओआर-टूल्ससारखे प्रोग्रॅम खुले आहेत. आणि ज्यांना वाटतं की गुगल मॅप आहेच की, त्यांनी एवढं लक्षात घ्यावं: फोनवरचा नेहमीचा गुगल मॅप तुम्ही टाकाल त्याच क्रमानं रस्ता दाखवतो, तोही जेमतेम दहा ठिकाणांचा. कोणतं घर आधी, हे तो ठरवत नाही. रस्ता सापडणं आणि क्रम लागणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं तुमच्या पोराला येतंच. मदत त्याला दुसऱ्यात हवी आहे.

आता पाचवा मुद्दा, माणुसकीचा. हा सगळ्यात गंभीर आहे, म्हणून त्याला नीट उत्तर देतो. यंत्र माणसाला राबवेल, त्याच्यावर पाळत ठेवेल, त्याचा अनुभव कवडीमोल करेल, अशी ही भीती आहे. भीती खोटी नाही. मिनिटांच्या शर्यतीत पोरांना पळवणारी अॅप आपण रोज रस्त्यावर पाहतो. पण त्या अॅपमध्ये पोराला पळवतं कोण? गिऱ्हाइकाला दिलेलं अशक्य वेळेचं वचन आणि उशिराला कापलेले पैसे. ते ठरवणारी माणसं आहेत. क्रम लावण्याच्या गणितात ना दंड आहे, ना पाळत. त्याला घरांचे ठिपके हवेत. पोरगा या क्षणी कुठे उभा आहे, चहाला किती वेळ थांबला, हे त्याला लागत नाही. ज्या मालकाला पाळत ठेवायची आहे तो सॉफ्टवेअर नसतानाही दर दहा मिनिटांनी फोन करतच असतो. कर्नाटकानं २०२५ मध्ये गिग कामगारांसाठी केलेल्या कायद्यात, यंत्र कामगाराबद्दल निर्णय कसे घेतं ते त्याला कळलं पाहिजे अशी तरतूद आणली. बरोबर उपाय तो आहे. पाळतीची भीती दाखवून वाकडी लाइन तशीच ठेवणं, हा पोराच्या भल्याचा विचार होऊच शकत नाही.

आणि अनुभव कवडीमोल होतो म्हणता? ज्यांनी हे सगळ्यात मोठ्या प्रमाणावर केलं त्यांचाच अनुभव पाहा. यूपीएस या अमेरिकन कंपनीनं आपली ओरायन नावाची पद्धत २०१६ पर्यंत तिथल्या सुमारे ५५ हजार मार्गांवर आणली. वर्षाला सुमारे १० कोटी मैल वाचतात असं कंपनी सांगते. पण सुरुवातीला चालकांनी तिच्या क्रमांना नावं ठेवली, आणि ती बऱ्याच अंशी योग्य होती. नकाशे दुरुस्त करावे लागले. रोजच्या गिऱ्हाइकांची वेळ फार हलू नये यासाठी थोडं अंतर सोडून द्यावं लागलं. २०२१ मध्ये अॅमेझॉन आणि एमआयटी यांनी तर उलटीच स्पर्धा लावली. अनुभवी चालकांनी प्रत्यक्षात नेलेले नऊ हजारांहून अधिक मार्ग खुले केले आणि सांगितलं, यांच्याकडून शिकणारा प्रोग्रॅम लिहा. गाडी कुठे लावता येते, कोणत्या वेळी कोणता रस्ता तुंबतो, हे गणितापेक्षा चालकाला जास्त कळतं, याची ती कबुली होती. अनुभवाची किंमत तो लिहिला गेला तेव्हा कळली. डोक्यात होता तोवर त्याला ना नाव होतं, ना दाम.

पोरांची कामं जातील, असंही कुणीतरी म्हणेल. जिना चढून दारात पिशवी अडकवणारं सॉफ्टवेअर अजून कुणी केलेलं नाही. जाईल ती फुकटची पायपीट. ती जायलाच हवी.

तेव्हा ‘आपल्याकडे नाही चालत’ या वाक्याचा खरा अर्थ मी सांगतो. आपल्याकडे चालत नाही असं काही नाही. आपल्याला एक रविवार घालवून ठिपके टाकायचे नाहीत, लिफ्ट आहे की नाही ते लिहायचं नाही, दोन पोरांच्या लाइनी शेजारी मांडून कुणावर किती भार आहे ते पाहायचं नाही. लाइन डोक्यात राहिली की भार दिसत नाही, आणि दिसत नाही तोवर त्याचे पैसे द्यावे लागत नाहीत. परंपरा, पत्ते, डबेवाले, माणुसकी ही सगळी नावं या एका सोयीवर पांघरूण घालायला वापरली जातात.

वितरणाचा धंदा करणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे. या आठवड्यात एक लाइन घ्या, एकच. पोराला शेजारी बसवून तिचं प्रत्येक घर नोंदवा, जिने आणि वेळांसकट. सॉफ्टवेअरनं लावलेला क्रम त्याच्या हातात द्या आणि त्याला जिथे पटणार नाही तिथे बदलायची मुभा द्या. शेवटचा शब्द त्याचाच असू दे. जे किलोमीटर आणि जो वेळ वाचेल, त्यातला वाटा त्याच्या पगारात घाला. आणि पुढच्या वेळी तो दोन दिवसांची सुट्टी मागेल, तेव्हा लाइनचं कारण सांगून त्याला थांबवू नका.